तांब्याची कळशी पाण्यात का पेटत नाही? : अल्क धातूंच्या सारखेपणाविषयी

सांजवेळ (धागाकर्ती)

माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि यंदा अकरावी विज्ञानाला गेली. पुस्तके इंग्रजीत आली असली तरी तिच्या शंका अजून मराठीतच असतात आणि त्या माझ्यापर्यंत येतात. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम हे पहिल्या गणातील, पाण्यात टाकले की फसफसणारे किंवा पेट घेणारे, अल्क धातू रासायनिकदृष्ट्या एकमेकांसारखे का वागतात, या प्रश्नाचे उत्तर मी तिला शाळेत पाठ केल्याप्रमाणे सांगितले. सर्वांच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, तो देऊन टाकला की राजवायूसारखे स्थिर संरूपण मिळते, म्हणून सर्वांची संयुजा एक आणि सर्वांचे वागणेही सारखे. तिने ऐकून घेतले, पुस्तकाचे पान उलटले आणि तांब्याचे इलेक्ट्रॉन संरूपण माझ्यापुढे धरले. तांब्याच्याही सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे. "मग आजीची तांब्याची कळशी पाण्याने भरली की पेट का घेत नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी शंका माझी स्वतःची आहे. इलेक्ट्रॉन देऊन सोडियमचा अणू स्थिर होत असेल, तर त्या क्रियेत ऊर्जा बाहेर पडायला हवी. पण त्याच पुस्तकातील तक्त्यात सोडियमची आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) ४९६ किलोज्यूल प्रतिमोल दिली आहे आणि ती बाहेरून पुरवावी लागते असेही म्हटले आहे. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा? माहीतगारांनी कृपया मुलीला वाचून दाखवता येईल अशा भाषेत लिहावे.

आडवाट

मुलीच्या यादीत हायड्रोजनही घाला. त्याच्याकडे तर एकूणच एक इलेक्ट्रॉन आहे आणि बहुतेक तक्त्यांत तो लिथियमच्या डोक्यावर बसवलेला असतो. तरी तो इलेक्ट्रॉन काढायला १३१२ किलोज्यूल लागतात, म्हणजे सोडियमच्या अडीचपटीहून अधिक. तेव्हा "बाहेर एक इलेक्ट्रॉन" ही या धातूंना ओळखण्याची खूण असेल, त्यांच्या वागण्याचे कारण मात्र नव्हे, असे माझे मत आहे.

परीक्षानळी

मी बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना अकार्बनी रसायनशास्त्र शिकवले आहे आणि कळशीचा प्रश्न मला फार आवडला, कारण पाठ्यपुस्तकातील उत्तर नेमके जिथे अर्धवट राहते तिथेच तो बोट ठेवतो. बाहेर एक इलेक्ट्रॉन आहे ही अर्धी गोष्ट झाली. त्याच्या खाली काय आहे, ही उरलेली अर्धी.

सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत, पण बाहेरच्या इलेक्ट्रॉनला त्या अकरांची पूर्ण ओढ जाणवत नाही, कारण मध्ये दहा इलेक्ट्रॉनांचा आडोसा असतो. हा आडोसा किती, हे ढोबळपणे मोजण्याचे नियम स्लेटर यांनी १९३० साली दिले. लगतच्या आतल्या कवचातील प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५ इतका आणि त्याहून आतला प्रत्येक इलेक्ट्रॉन पूर्ण १ इतका प्रभार झाकतो असे धरायचे. सोडियमसाठी आठ गुणिले ०.८५ म्हणजे ६.८, त्यात सर्वांत आतले २ मिळवले की ८.८ झाले, ११ मधून ते वजा केले की उरले २.२. आता पोटॅशियम घ्या. प्रोटॉन १९, आडोसा ६.८ अधिक १० म्हणजे १६.८, उरले पुन्हा २.२. रुबिडियमचे ३७ वजा ३४.८ आणि सीझियमचे ५५ वजा ५२.८, दोन्हीकडे उत्तर तेच. केंद्रकातील प्रभार ११ वरून ५५ वर गेला तरी बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोचणारी ओढ जवळपास जागच्या जागी राहते. फरक पडतो तो अंतरात. सोडियमची धातवीय त्रिज्या १८६ पिकोमीटर, तर सीझियमची २६५ पिकोमीटर, म्हणून ओढ सारखी असूनही पकड खाली जाताना सैल होत जाते. लिथियमचे उत्तर या हिशोबात १.३ येते, पण त्याचा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या खूपच जवळ असल्याने पकड तरीही सर्वांत घट्ट असते. लिथियम या कुटुंबातला थोडा वेगळ्या चालीचा सदस्य आहे, त्याच्याविषयी पुढे लिहीनच.

याच मापाने तांब्याकडे पाहा. तांबे आणि पोटॅशियम एकाच आवर्तात आहेत आणि दोघांचाही बाहेरचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात आहे. पोटॅशियमच्या चौथ्या कवचाखाली आठ इलेक्ट्रॉनांचे, म्हणजे आर्गॉनसारखे, कवच आहे. तांब्याच्या चौथ्या कवचाखाली मात्र अठरा इलेक्ट्रॉनांचे कवच आहे, आणि त्या अठरांतले जे दहा नंतर भरले जातात ते आडोसा धरण्याच्या कामात कच्चे असतात. पोटॅशियमपासून तांब्यापर्यंत येताना केंद्रकात दहा प्रोटॉन वाढतात, पण हे दहा इलेक्ट्रॉन त्या वाढीला पुरेसे झाकत नाहीत. २९ वजा २५.३ केल्यावर ३.७ उरतात. परिणामी पोटॅशियमची आयनीभवन ऊर्जा ४१९ किलोज्यूल, तर तांब्याची ७४५. चांदीची गत तीच आहे, तिची ७३१. आडवाट यांच्या हायड्रोजनला तर आडोसाच नाही.

दुसऱ्या शंकेबद्दल धागाकर्तीचे म्हणणे बरोबर आहे आणि पुस्तकातील वाक्य सैल आहे. इलेक्ट्रॉन "द्यावा" अशी सोडियमची कोणतीही इच्छा नसते. एकट्या अणूकडून तो ओढून घ्यायला खर्चच येतो. क्लोरीनच्या अणूला तो दिला तर सुमारे ३४९ किलोज्यूल परत मिळतात, म्हणजे या व्यवहारात १४७ किलोज्यूलची तूट राहते. ही तूट भरून निघते ती विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना चिकटून मिठाचा स्फटिक तयार होताना, कारण त्या जालकाच्या, म्हणजे स्फटिकातील आयनांच्या रचनेच्या, बांधणीतून सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात. मीठ तयार होते ते या जमेच्या बाजूमुळे.

मग संयुजा एकवरच का थांबते, दोन का होत नाही? सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपटीहून अधिक, कारण तो त्या बंदिस्त आतल्या कवचातून काढायचा असतो. एवढा खर्च भरून काढील असे जालक नाही. लिथियमच्या बाबतीत हा आकडा ७२९८ आहे, पोटॅशियमच्या बाबतीत सुमारे ३०५०. शेजारच्या मॅग्नेशियमचे दोन आकडे ७३८ आणि १४५१ असे एकमेकांच्या बरेच जवळ आहेत, म्हणून तो दोन्ही देऊन मोकळा होतो. अल्क धातूंचा सारखेपणा माझ्या दृष्टीने येथे आहे: पहिला इलेक्ट्रॉन काढणे सर्वांना परवडते आणि दुसरा काढणे कुणालाच परवडत नाही. वरच्या पायरीपेक्षा खालची भिंत अधिक महत्त्वाची.

बर्नर

मी प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून निवृत्त झालो. सिद्धान्त परीक्षानळी यांनी सांगितला आहेच, मी हाताखालून गेलेले सांगतो.

सोडियमची बाटली उघडली की घासलेटाखाली पिवळट पांढऱ्या सालीचे ढेकूळ दिसते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा धातू आहे हे पटत नाही. चिमट्याने काढून गाळणकागदावर टिपायचे आणि सुरीने कापायचे. साबणाच्या वडीला सुरी लावल्यासारखे ते कापले जाते. कापलेली बाजू चांदीसारखी चकाकते, पण मागच्या बाकापर्यंत दाखवायला न्यावी तोवर तिच्यावर करडी झाक आलेली असते. पोटॅशियम याहून मऊ आणि काळवंडायला याहून घाईचे. लिथियम कापायला मात्र मनगटात जोर लागतो. लिथियम घासलेटातही तरंगते, कारण त्याची घनता ०.५३ आहे, म्हणून आम्ही ते व्हॅसलीनमध्ये गुंडाळून ठेवत असू.

पाण्याचे काम असे. पसरट काचपात्रात पाणी घेऊन त्यात फिनॉल्फ्थेलीनचे, म्हणजे अल्कात गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, चार थेंब टाकायचे. लिथियमचा तुकडा तरंगतो, फसफसतो आणि जागच्या जागी हळूहळू झिजतो. सोडियम वितळून मण्यासारखा गोल होतो आणि पाण्यावर सैरावैरा पळतो, मागे गुलाबी रेघ सोडत. पोटॅशियम पाण्याला लागताक्षणीच जांभळट ज्योत धरते. तिन्हींत गुलाबी रंग तोच, सुटणारा वायू तोच, तयार होणारे द्रव्य एकाच जातीचे. फरक फक्त लगबगीचा. रुबिडियम आणि सीझियम आमच्याकडे कधी आले नाहीत आणि आले असते तर मी ती बाटली उघडली नसती.

एका महाविद्यालयात घडलेला प्रसंगही सांगतो. लॅसेनच्या कसोटीसाठी (सेंद्रिय पदार्थातील मूलद्रव्ये ओळखण्याच्या चाचणीसाठी) कापलेल्या सोडियमचे उरलेले चुरे कुणीतरी गाळणकागदासकट बेसिनमध्ये टाकले. नळ बंद होता, पण जाळीखालच्या वाकात पाणी साठलेले होते. आवाज शेजारच्या इमारतीत ऐकू गेला आणि बेसिनला तडा गेला. सुदैवाने कुणाला लागले नाही. उरलेले तुकडे स्पिरिटमध्ये थोडे थोडे टाकून संपवायचे असतात, हे त्यानंतर मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत असे.

सांजवेळ

दोघांचेही मनापासून आभार. मुलीने स्लेटरचा हिशोब वहीत स्वतः करून पाहिला आणि चांदीचे उत्तरही ३.७ येते हे मला ऐटीत सांगितले. आता तिची पुढची अडचण अशी की बर्नरकाकांच्या पात्रात लिथियम सर्वांत मंद आहे, पण पुस्तकातील विद्युत-रासायनिक श्रेणीत ते सर्वांत वर, उणे ३.०४ व्होल्टवर आहे. सोडियम उणे २.७१ वर आणि पोटॅशियम उणे २.९३ वर. सर्वांत प्रबळ क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारे, जर लिथियम असेल, तर ते फसफसत का बसते?

परीक्षानळी

कारण "किती मिळकत होते" आणि "किती वेगाने होते" हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि व्होल्टचा आकडा फक्त पहिल्याचे उत्तर देतो.

आधी मिळकतीचा हिशोब मांडू. घन धातूपासून पाण्यातल्या आयनापर्यंत तीन टप्पे आहेत: धातूतून अणू सुटा करणे, त्याचा इलेक्ट्रॉन काढणे आणि उरलेल्या आयनाभोवती पाण्याचे रेणू जमणे. पहिल्या दोन टप्प्यांत खर्च आहे, तिसऱ्यात जमा. लिथियमचे आकडे सुमारे १५९ अधिक ५२० वजा ५२०, म्हणजे निव्वळ खर्च १५९ किलोज्यूल. सोडियमचे १०७ अधिक ४९६ वजा ४०६, म्हणजे १९७. पोटॅशियमचे ८९ अधिक ४१९ वजा ३२२, म्हणजे १८६. लिथियमचा इलेक्ट्रॉन काढणे पोटॅशियमपेक्षा शंभर किलोज्यूलने महाग आहे, पण त्याचा आयन इतका लहान आहे की पाणी त्याला घट्ट कवटाळते आणि तो सगळा जादा खर्च परत करून वर थोडी शिल्लकही ठेवते. तिन्ही बेरजा चाळीस किलोज्यूलच्या पट्ट्यात येतात. खर्च घटत जातो तशी जमाही घटत जाते आणि शेवटची शिल्लक फारशी हलत नाही. तांब्याचे पहिले दोन टप्पेच सुमारे १०८३ किलोज्यूलचे आहेत, पोटॅशियमच्या ५०८ च्या दुपटीहून अधिक, आणि तेवढे कर्ज पाण्याला फेडता येत नाही. आजीची कळशी त्यामुळे सुखरूप आहे.

आता वेग. लिथियमचा द्रवणांक सुमारे १८० अंश सेल्सिअस आहे, सोडियमचा ९८, पोटॅशियमचा ६३, सीझियमचा तर अवघा २८. अभिक्रियेच्या उष्णतेने सोडियम आणि पोटॅशियम लगेच वितळतात आणि त्यांचा ताजा पृष्ठभाग पाण्याला सतत मिळत राहतो. लिथियम वितळत नाही आणि अभिक्रिया त्याच्या घन पृष्ठभागापुरती चालू राहते. शिवाय अणू सुटा करणे आणि इलेक्ट्रॉन काढणे हे खर्चाचे टप्पे त्याला जड जातात.

स्फोटाविषयी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. हायड्रोजन पेटतो म्हणून स्फोट होतो असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. पण वायू सुटला की तो धातू आणि पाणी यांच्यामध्ये थर धरून दोघांना वेगळे करील आणि अभिक्रिया मंदावेल, ही अडचण त्या स्पष्टीकरणात होतीच. प्रागमधील युंगविर्त यांच्या गटाने २०१५ साली सोडियम आणि पोटॅशियम यांच्या द्रवरूप मिश्रधातूचे थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. एक सहस्रांश सेकंद पुरा होण्याआधीच थेंबातून धातूचे काटे बाहेर पडलेले त्यात दिसतात. इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात निघून जातात की पृष्ठभागावर मागे राहिलेले धन आयन एकमेकांना ढकलून थेंब फोडतात, आणि त्यामुळे ताजा धातू सतत पाण्याला भिडत राहतो. बेसिनच्या वाकातही हेच घडले असणार.

आडवाट

मान्य, पण मग सारखेपणाचा डांगोरा थोडा हळू पिटावा असे मला वाटते. हवेत जाळल्यावर लिथियमचे साधे ऑक्साइड होते, सोडियमचे मुख्यतः पेरॉक्साइड आणि पोटॅशियमचे सुपरऑक्साइड. लिथियम साध्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनशी संयोग पावते, बाकीचे भाऊ तसे करत नाहीत. लिथियमचे कार्बोनेट पाण्यात जेमतेम विरघळते, सोडियमचे, म्हणजे धुण्याचा सोडा, आपण पाण्यात सहज विरघळवतो. या बाबतीत लिथियम आपल्या गणापेक्षा तक्त्यातल्या तिरक्या शेजाऱ्याशी, मॅग्नेशियमशी, अधिक जुळते. एका कुटुंबातले म्हणून सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवणे योग्य नव्हे.

परीक्षानळी

आक्षेप बरोबर आहे, फक्त हे सगळे फरक कुठून येतात ते पाहावे. प्रत्येक ठिकाणी प्रभार एकच आहे आणि बदलतो तो आयनाचा आकार. चिमुकल्या लिथियम आयनाभोवती लहान ऑक्साइड आयन चपखल बसतो. पोटॅशियमच्या मोठ्या आयनाला मोठा सुपरऑक्साइड शेजारी चालतो. मॅग्नेशियमशी साम्य येते तेही आकाराच्या आणि प्रभाराच्या प्रमाणामुळे.

सारखेपणा डोळ्यांनी पाहायचा असेल तर द्रवरूप अमोनिया घ्यावा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, यांपैकी काहीही त्यात थोडेसे विरघळवले तरी द्रावणाला एकच गडद निळा रंग येतो. ज्योतीत लिथियम किरमिजी, सोडियम पिवळे आणि पोटॅशियम जांभळट दिसते, पण अमोनियात सगळे निळे. कारण हा रंग धातूचा नसतोच, धातूने सोडलेल्या आणि अमोनियाच्या रेणूंनी वेढलेल्या इलेक्ट्रॉनचा असतो. तो कुणाकडून आला हे द्रावणाकडे पाहून सांगता येत नाही.

नाडीपरीक्षा

या सारखेपणाने शरीरही फसते. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात सोडून दिलेल्या किरणोपचार यंत्रातील किरणोत्सारी सीझियम क्लोराइड लोकांच्या हाती लागले आणि चार जण दगावले. ते पाण्यात मिठासारखे विरघळते आणि पोटात गेल्यावर शरीर सीझियमला पोटॅशियमसारखे वागवून स्नायूंपर्यंत पसरवते. रुग्णांना प्रशियन निळे हे द्रव्य देण्यात आले, कारण ते आतड्यात सीझियमला धरून ठेवून शौचावाटे बाहेर नेते. याच गोंधळाचा उपयोगही होतो: हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तपासताना रुबिडियम-८२ टोचतात, कारण पेशी त्यालाही पोटॅशियम समजून आत घेतात. सोडियमच्या बाबतीत मात्र पेशी फसत नाही. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत, हा भेद ती आयुष्यभर ऊर्जा खर्चून सांभाळते.

जुनी वही

थोडी इतिहासाची भर. आयुर्वेदात सज्जीखार आणि जवखार यांना मिळून क्षारद्वय म्हणतात. पहिल्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट, दुसऱ्यात पोटॅशियम कार्बोनेट. धातू कुणी पाहिलेही नव्हते, तरी जोडी अचूक लावली होती. युरोपात मारग्राफ यांनी १७५८ मध्ये या दोन क्षारांपासूनचे सोरे ज्योतीत धरून एकाची पिवळी आणि दुसऱ्याची जांभळट ज्योत दाखवली. डेव्ही यांनी लंडनमध्ये ऑक्टोबर १८०७ मध्ये विद्युत अपघटनाने आधी पोटॅशियम आणि काही दिवसांतच सोडियम मिळवले.

मला सर्वांत मजेशीर वाटते ती प्लॅटनर यांची गोष्ट. त्यांनी १८४६ साली पोल्युसाइट नावाच्या खनिजाचे पृथक्करण केले आणि सगळ्या घटकांची बेरीज सुमारे ९३ टक्क्यांवर अडली. काम काटेकोर होते, चूक सापडेना. पुढे बुन्सेन आणि किर्खॉफ यांनी १८६० मध्ये ड्युर्खहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात दोन निळ्या वर्णरेषांवरून सीझियम शोधले, आणि पिसानी यांनी १८६४ मध्ये तेच खनिज पुन्हा तपासले तेव्हा उलगडा झाला. प्लॅटनर यांनी प्लॅटिनमच्या क्षाराबरोबर जो अवक्षेप पोटॅशियमचा समजून तोलला तो सीझियमचा होता. सीझियमचा अणू तिपटीहून जड, त्यामुळे पोटॅशियम धरून केलेला हिशोब कमी भरला. दोन धातू परीक्षानळीत इतके हुबेहूब वागले की फरक तराजूत दिसूनही कुणाला कळला नाही.

सांजवेळ

प्लॅटनरची गोष्ट ऐकून मुलगी बराच वेळ हसत होती. तिचा एक शेवटचा प्रश्न आहे. पकड खाली जाताना सैल होत जाते, तर सर्वांत क्रियाशील अल्क धातू फ्रान्सियम म्हणायचा ना? तिने वहीत तसे लिहिले आहे.

परीक्षानळी

तक्त्यातील कल पुढे रेटला तर तसेच वाटते, पण मोजलेली आयनीभवन ऊर्जा सीझियमची ३७६ आणि फ्रान्सियमची ३९३ किलोज्यूल आहे. केंद्रकात ८७ प्रोटॉन असले की आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाशी तुलना करावी इतक्या वेगाने फिरतात, त्यामुळे एस प्रकारचे कक्षक (इलेक्ट्रॉन वावरतात ते गोलाकार प्रदेश) आकसतात, बाहेरचा सातव्या कवचातलाही, आणि पकड पुन्हा थोडी घट्ट होते. शिवाय मार्गरीत पेरे यांनी १९३९ साली शोधलेल्या या मूलद्रव्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकही बावीस मिनिटांत निम्मा उरतो. पाण्यात टाकायला त्याचा तुकडा कुणाच्याच हाती येणार नाही.

सांजवेळ

तिने फ्रान्सियम खोडून सीझियम लिहिले आहे. परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी गुण कापले, तर हा धागा छापून घेऊन मीच जाईन म्हणते.